जेवलीस का?

गच्चीवर फिरोजने अँटेनाच्या केबलला मीटर लावला. वत्सलाकाकूंचा आवाज चंद्रावरच्या लेकीपर्यंत जातच नव्हता. गंजलेल्या जोडावरून मागे फिरून त्यांच्याच फोनमध्ये परत येत होता.

"काकू, अनुजा रोज काय बोलते?"

"मी 'जेवलीस का?' विचारते, तीही लगेच तेच विचारते." काकू दुपारच्या फिकट चंद्राकडे बघत हसल्या. "आवाज अगदी माझ्यावर गेलाय तिचा."

फिरोजने पाना उचलला. त्याने जोड बदलला. मीटरवर आता काहीच परतत नव्हतं.

काकूंनी फोन कानाला लावला. "जेवलीस का?"

फोन गप्प होता. काकूंचा चेहरा उतरला. चंद्र तसाच तरंगत राहिला.

मग दुरून एक घोगरा, अनोळखी आवाज आला, "आई? इतकी वर्षं बोलत का नव्हतीस?"