पन्नास मेंढरं बाहेर
गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या मसाजीला दिवाळीनंतर लेकाबरोबर कळपामागं जायचं होतं. थेरपीच्या दिपालीबाईंनी सांगितलं होतं, गुडघा सकाळी संध्याकाळी दहादा वाकवायचा. तो बाजेवर डोळे मिटून वाकवायचा; प्रत्येक वाकण्यासरशी धुक्यातून एक मेंढरू मेंढवाड्यात शिरायचं, ओल्या लोकरीचा वास मागं ठेवून. आठवड्यात गुडघा टम्म सुजला. “मामा, कितीदा वाकवला?” दिपालीबाईंनी विचारलं. “साठदा.” “मी दहा सांगितले होते ना?” “बराबर. पण पन्नास मेंढरं बाहीर ठिवून कवाड कसं लावू, बाई?” त्या हसल्या नाहीत. “दुखलं की थांबायचं, मामा. दुखणं लपवलं तर औंदा कळप तुमच्याबिगर जाईल.” त्या संध्याकाळी मिटल्या डोळ्यांआड दहावं मेंढरू आत शिरलं. अकरावं दारात थबकून त्याच्याकडं बघत राहिलं. बाहेरून कवाड लावून मसाजी उरलेल्या पन्नासांमध्ये, दुखरा पाय लांब करून, राखणीला बसला.