चाफ्याची सावली

"अहो, दिव्याचं तोंड आपल्या घराकडे हवं होतं!" मी कपाळाला हात लावला. ह्यांनी बागेतला नवा दिवा चाफ्याच्या अलीकडे बसवला होता आणि सगळा उजेड शेजारच्या टिळेकरांच्या पांढऱ्या भिंतीवर!

आधीच थंडीत पानं गळून बोडका झालेला आमचा चाफा त्यांच्या डोळ्यांत खुपत होता. "वठलंय ते झाड, तोडून टाका," असं रोज ऐकवायचे.

तेवढ्यात फाटक वाजलं. टिळेकरच! मी भांडायला पदर खोचला.

"वहिनी, दिवा जरा डावीकडे सरकवा की. शेंड्याची फांदी भिंतीबाहेर जातेय."

मी वळून पाहिलं. भिंतभर चाफ्याची सावली पसरली होती आणि त्यांच्या घरचे सगळे अंगणात खुर्च्या टाकून ती बघत बसले होते.

"पण झाड तोडायचं होतं ना?"

"हात लावून तर बघा!"