विसर्गाची पूर्वसूचना

धरणातून पाणी सोडण्याचा निर्णय शासन घेतं, व्यक्ती नव्हे, असं पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गुरुनाथराव नेहमी सांगत. पण अमेरिकेत कॅरी गावाबाहेर मुलाच्या, अनीशच्या, घरामागच्या ओढ्यावर बीव्हर नावाच्या प्राण्याने काटक्यांचं धरण बांधलं, पाणी सेप्टिक टँकवर चढलं आणि संडास उलटा बुडबुडू लागला, तेव्हा स्वतःच गमबूट चढवून, फावडं घेऊन ओढ्यात उतरले. त्यांच्या पत्नी शैलजाबाई काठावरून ओरडल्या, "अहो, अनीशला ऑफिसातून येऊ द्या ना. खालच्या अंगाला वस्ती आहे." "अगं, इशारा दिल्याशिवाय पाणी सोडतोय का मी?" त्यांनी मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "विसर्ग सुरू होत आहे. काठावरील नागरिकांनी सतर्क राहावे." लगेच कुणीतरी लिहिलं, "काका, फोटो टाका." फावडं बसलं, धरण फुटलं, पाणी गर्जत वळणापलीकडे गेलं. तिथे एकच घर आहे, रॉजरचं. तो मंडळाचा सभासद नाही.