आपण

“एकट्या राहणार, की सोबत कुणी असणार?” अर्जवाल्या बाईंनी विचारलं. त्यांचं पेन कागदावरच्या चौकटीपाशी थांबलं होतं.

आईला त्यांची भाषा येत नव्हती. परमुलखात इतकी वर्षं काढली, पण तिचं सगळं ‘हो’, ‘नाही’ आणि हसण्यावर भागलं होतं. बाकीचं इकडून तिकडे पोचवायला लेक होती. वयस्क माणसांसाठी बांधलेल्या घरांत तळमजल्यावर जागा मिळणार होती. लेकीने प्रश्न आईला सांगितला.

“आपण आपलं स्वतंत्र राहावं,” आई म्हणाली. “कुणाच्या अध्यात ना मध्यात.”

लेक अडखळली. बाईंच्या भाषेत ‘मी’ होतं, ‘आम्ही’ होतं. ‘आपण’सारखं मोघम काही नव्हतं. आणि आई तर स्वतःलाही कधी ‘मी’ म्हणायची नाही. आपल्याला जिना झेपत नाही, आपण आपला चहा घेतो, असंच सगळं. तेव्हा हे ‘आपण’ म्हणजे आई एकटी असू शकत होती. किंवा आई आणि लेक, दोघीही. “आपण म्हणजे कोण गं?” एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

लेकीने विचारलं नाही. ती सेहेचाळीस वर्षांची होती. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या, धावतपळत घरी यायचं, आईला धरून तीन जिने उतरवायचे, पुन्हा चढवायचे. नऊ वर्षं हेच चाललं होतं. आईवर तिचा जीव होता, त्यात काडीची खोट नव्हती. पण हल्ली कुलपाला किल्ली लावण्याआधी ती दाराबाहेर पायरीवर थोडा वेळ बसून घ्यायची.

“तिला एकटीने राहायचंय,” ती बाईंना म्हणाली.

बाई खूश झाल्या. “इतकं स्पष्ट फार थोडे बोलतात. तुमच्याकडचे तर नाहीतच.” त्यांनी चौकटीत खूण केली आणि आईचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. कशाबद्दल ते आईला कळलं नाही, पण ती हसली.

“आपल्याला जागा मिळाली,” पुढे लेकीने आईला सांगितलं. शब्द तोच वापरला, अगदी जपून. आईने त्याच दिवशी बांधाबांध सुरू केली.

आईला पोचवून आल्यावर सहा दिवस लेक नुसती फोनवर बोलली. दुकानात फार काम आहे, म्हणाली. सहा दिवस तिला गाढ झोप लागली आणि रोज सकाळी त्या झोपेचीच लाज वाटली. रविवारी मात्र सगळं सांगून टाकायचं ठरवून ती निघाली.

आई टुणटुणीत होती. दार उघडायला काठीशिवाय आली. चहाही तिनेच केला. अंगणात रोज दोन फेऱ्या मारते, म्हणाली. “इथे आपल्याला बरं वाटतं.”

लेकीच्या जिवात जीव आला. म्हणजे चुकलं नव्हतं. उगाच मनाला लावून घेतलं होतं. आता सांगायची तरी काय गरज, असं वाटून तिने चहाचा घोट घेतला.

“पलंग मात्र मेल्यांनी एकच दिलाय,” आई म्हणाली. “दुसरा हवा म्हणून दोन बोटं दाखवली, तर इथली देखरेखीची पोरगी हसली आणि दोन उशा घेऊन आली. तू बोल बाई तिच्याशी.”

लेकीने कप खाली ठेवला. आईचं लक्ष नव्हतं. ती उठून कपाट उघडत होती. तिचे सगळे कपडे खालच्या खणात कोंबलेले होते. वरचे दोन खण कोरा कागद अंथरून रिकामे ठेवले होते.

“वरचे तुला. आपला हात पुरत नाही तिथवर,” आई म्हणाली. “सामान कधी आणतेस?”