निळं डोकं

एका जुन्या टीव्ही मालिकेतला, शेतात एकटाच उभा असलेला तो बंद दरवाजा म्हणजे नेमकं काय, यावर लोक आजही मोबाईलवर हमरीतुमरीला येत होते. साक्षीनं ते सगळं वाचलं, तीस वर्षांपूर्वीची ती रहस्यमालिका दोन दिवसांत बघून संपवली आणि केदारखेड्याला आल्या आल्या आजोबांपुढं विषय काढला.

भुजंग आजोबा खुशीत हसले. "दरवाजाचं सोड. उठता उठता ज्याचं डोकं निळं झालं, तो पुढच्या भागात बराबर गायब! तुझ्या आजीनं पैल्याच महिन्यात वळखलं हे. अख्खी गल्ली इचारायची, 'सोनूबाई, आज कोण जाणार?'"

"पण आजोबा, त्यात कुणीच निळं होत नाही."

"असं कसं?" आजोबा उठले, पेटीमागून एक प्लास्टिकची काच काढून धोतरानं हळूहळू पुसत परत बाजेवर बसले. वर निळी, मधे नारिंगी, खाली हिरवी. काळा-पांढरा टीव्ही रंगीत दिसावा म्हणून पडद्यापुढं लावायला सोनूबाईनं राजूरच्या बाजारातून हौसेनं आणलेली. "हिच्याबिगर कसं दिसंल?"

साक्षीला हसू आवरेना. काच डोळ्यांपुढं धरून ती घरभर बघू लागली. जमीन हिरवी, बाजेवरचे आजोबा नारिंगी. तेवढ्यात नातीसाठी चहा टाकायला आजोबा गुडघ्यावर हात देऊन उठले आणि त्यांचे पांढरे केस निळे झाले.

साक्षीचं हसू थांबलं.

"आजोबा, तुम्ही बसा बरं खाली," ती म्हणाली. "चहा मी टाकते."