मापाला माप

अरबाब खुदायारने रुमालाची गाठ सोडली आणि विटेएवढा अफूचा गोळा सनोबरखालाच्या उंबऱ्यावर ठेवला.

"खाला, हा ठेवून घे. पीठ तेवढं दे."

बर्फाचा कडा कोसळून घाट बंद झाला, त्याला चाळीस दिवस झाले होते. बाजाराचं पीठ पलीकडे अडकलेलं. अफगाणिस्तानातल्या कोकचा नदीकाठच्या त्या गावात अफू घरोघर होती आणि रोटी कुणाकडेच नव्हती. वाळवलेली तुतीची फळंसुद्धा संपली होती.

सगळ्या गावाने गहू सोडून अफू लावली, तेव्हा एकट्या सनोबरखालाने गहू धरून ठेवला. तिचा थोरला मुलगा अफू विकता विकता खायला लागला होता आणि पस्तिशीत गेला होता. त्यानंतर तिने ते झाड वावरात येऊ दिलं नाही. खुदायार गावाचा अरबाब, म्हणजे मुखिया. तीन वर्षांपूर्वी त्याने तिची पाण्याची पाळी तोडून आपल्या अफूकडे वळवली. "म्हातारीचा गहू कोण खातोय!" असं तो चारचौघांत म्हणाला होता. तेव्हापासून खाला नदीवरून डबे वाहून पीक जगवत होती.

तिने तो गोळा लाथेने बर्फात उडवला.

"जा, शिजव तिला! माझ्या वाट्याचं पाणी पाजलंस ना? आता तिलाच म्हण, पोट भर माझ्या लेकरांचं!"

खुदायारने मान खाली घातली. त्याच्या मागे त्याची सून तान्हं घेऊन उभी होती.

"माझं दूध आटलंय, खाला," ती म्हणाली. "रडून रडून निळं पडतं म्हणून दोन दिवस अफूचं बोट चाटवतेय."

"अगं सटवे!" खाला ओरडली. ती तरातरा आत गेली.

खायचा गहू तिने शेजारच्या लेकरांना आधीच वाटला होता. आता घरात एकच पोतं होतं, बियाण्याचं. आजेसासऱ्यापासून घराने राखलेलं, त्या खोऱ्यातलं गव्हाचं शेवटचं बी. तिने ते फरफटत बाहेर आणलं.

"पेरणीला मापाला माप परत हवं मला. ऐकतोयस ना?"

"खुदाची शपथ, खाला."

जातं नऊ दिवस फिरत होतं. गावातलं एकही मूल दगावलं नाही. दहाव्या दिवशी घाट मोकळा झाला. पिठाच्या गाड्या वर आल्या आणि त्याच गाड्यांतून अफू खाली गेली.

बर्फ वितळलं. खालाने वावर नांगरून घेतलं आणि दारोदार हिंडली. कुणाकडे पेरण्याजोगा गव्हाचा दाणा नव्हता. बाजारात मिळे ते परमुलखातून दळून आलेलं पीठ.

खुदायार शपथ विसरला नव्हता. त्याने आधी पाट फोडून तिच्या वावरात पाणी सोडलं. मग स्वतःच्या पाठीवर पोतं घेऊन आला आणि तिच्या पुढ्यात उतरवलं.

"दुसरं काही मिळालं नाही, खाला," तो म्हणाला. त्याला वर बघवत नव्हतं.

खालाने पोत्याचं तोंड सोडलं. काठोकाठ भरलेली खसखस होती. अफूचं बी.