निळा अंगठा

"काकूचा हात हल्ली थरथरतो, म्हणून अंगठा घेतलाय," म्हणत पुतण्याने मुदत ठेव मोडायचा अर्ज माझ्या काउंटरवर सरकवला. हौसाबाई मागच्या बाकावर मान खाली घालून बसल्या होत्या.

प्रौढ शिक्षणाच्या वर्गात सही शिकल्या, तेव्हा याच बाईंनी आमच्या अख्ख्या बँकेला पेढे वाटले होते. नंतर एकदा गर्दीत मी "अंगठा चालेल" म्हटलं, तर मलाच दटावलं होतं. आज त्यांचा अंगठा पेरापर्यंत निळा झाला होता. एका अर्जाला एवढी शाई लागत नाही.

"समोरून आधारची झेरॉक्स घेऊन या," असं सांगून मी पुतण्याला बाहेर पाठवलं आणि हौसाबाईंना आत बोलावलं.

"मावशी, किती कागदांवर अंगठा दिलात?"

"मोजले नाहीत गं. सही करते म्हटलं, तर म्हणाला, तुझं गिचमिड कोण वाचतंय?"

"आणि कागदांवर काय लिहिलं होतं?"

त्यांनी निळा अंगठा मुठीत दडवला.

पुतण्याचा अर्ज मी बाजूला ठेवला. 'मी स्वतः येऊन सही केल्याशिवाय माझे पैसे कोणालाही देऊ नयेत,' एवढंच कोऱ्या कागदावर लिहून त्यांना दोनदा वाचून दाखवलं. मग पेन पुढे केलं. हौसाबाईंनी पदराला अंगठा पुसला आणि एकेक अक्षर काढायला सुरुवात केली. हात जराही थरथरत नव्हता.

तेवढ्यात पुतण्या परतला. "काकू, काय करतेस? चल, उशीर होतोय!"

"थांब," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आडनाव राहिलंय."